कारखान्यातला धोका मोजायचा कसा: सेफ्टी ऑफिसर नसलेल्या छोट्या युनिटसाठी

वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर, कुठल्याही एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये जाऊन रिस्क असेसमेंट दाखवा म्हणलं की एक फाईल निघतेच. लाल-पिवळं-हिरवं रंगवलेलं एक्सेल. लई वेळा ते दुसऱ्याच कंपनीचं उचललेलं असतं, इतकं जसंच्या तसं की प्रेस शॉपच्या शीटमध्ये बॉयलरची लाईन तशीच राहिलेली असते अन् खाली सही करणाऱ्यानं ती वाचलेलीच नसते. ऑडिट आलं की बाहेर, ऑडिट गेलं की कपाटात. खाली लिहायलोय ते त्या फाईलसाठी नाही. जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये १००० कामगार असले की सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत ते ५०० वर आणलंय आणि धोकादायक प्रक्रिया असली तर २५० वर. म्हणजे ५०-६० माणसांच्या युनिटला तेव्हाही कुणी नव्हतं अन् आताही नाही, तिथं हे काम सुपरवायझर, मेंटेनन्सवाला नाहीतर मालकाच्या पोराच्या गळ्यात पडतं. त्यांच्यासाठी हे.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: मोजायचं ते माणसापाशी. त्याच्या कानापाशी, नाकापाशी, हातापाशी, आणि तो खरंच काम करत असतो त्या वेळेला. शॉपच्या मध्यभागी मीटर धरून घेतलेला आकडा रिपोर्टला बरा दिसतो पण त्या जागी कुणी उभंच राहत नाही.

सुरुवात वहीनं करा, मीटरनं नाही

वही घेऊन तिन्ही शिफ्टला फिरा, नाईटला तर नक्कीच. मशीन सुरळीत चालू असताना लागण्यापेक्षा जाम काढताना, डाय (साचा) बदलताना, साफसफाईत, लाईट जाऊन आल्यावर जास्त लागतं. ही कामं एक्सेलमध्ये नसतातच कारण ती कुणाची 'नेमून दिलेली' कामं नसतात. म्हणून मशीनची यादी करू नका, कामांची करा: डाय चढवणे, स्क्रॅप ओढणे, पट्ट्यात अडकलेलं काढणे, टाकी धुणे.

ऑपरेटरला कसं विचारता त्यावर सगळं आहे. "काही सेफ्टीचा प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नाही साहेब, सगळं ओके." त्याऐवजी जुन्या माणसापाशी जरा टेकायचं अन् म्हणायचं, "मामा, नवीन पोरगं या मशीनवर आलं तर तुम्ही त्याला पहिल्यांदा काय सांगता?" मग ते सांगतात, इथं हात घालू नको म्हणतो, हा पेडल कधीकधी आपोआप घेतो म्हणतो. झालं, तुमचा पहिला नोंद करायचा धोका मिळाला, अन् तो मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये कुठंच नसतो.

प्रॉडक्शन काढायच्या युक्त्या पण बघा. दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकावर चिकटपट्टी मारलेली, लिमिट स्विचमध्ये (मशीन थांबवणाऱ्या कळीत) काडी खोचलेली, कपाटामागं धूळ खात पडलेला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं झाकण. यावर लगेच ओरडलात तर पुढच्या वेळी काही दिसणार नाही, फक्त लिहून घ्या आणि ती पट्टी का लावावी लागली ते विचारा. बहुतेकदा टार्गेटच तसं असतं.

आणि माणसं मोजा. मस्टरवरची नाही, आत असलेली. ठेकेदाराची पोरं, हमाल, ट्रकचा क्लीनर, रात्री आत झोपणारे. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली त्यात सहा कामगार गेले, ते आत झोपलेले होते. आगीचा धोका काढताना "रात्री १ ला मशीन बंद, धोका कमी" असं लिहिणाऱ्यानं रात्री १ ला आत किती जण असतात, कोणत्या दारातून निघतील अन् त्या दाराला बाहेरून कुलूप असतं का, हे जाऊन बघितलेलं नसतं.

गुण देताना

पद्धत सगळ्यांना माहितीये, गंभीरता १ ते ५, शक्यता १ ते ५, गुणाकार करायचा. यात दोन ठिकाणी गडबड होते. पहिलं म्हणजे गुणाकार सगळं सपाट करतो, जीव जाईल पण क्वचित म्हणजे ५ × १ = ५, आणि रोज हाताला ओरखडा येतो म्हणजे १ × ५ = ५. दोन्ही हिरवे. म्हणून गंभीरता ५ असलेल्या सगळ्या लाईन वेगळ्या पानावर काढा, त्यांचा गुणाकार कितीही येऊ दे, त्या पानाला रंग द्यायचाच नाही.

दुसरं, शक्यता पोटातून येते. "इतक्या वर्षात काही झालं नाही" म्हणून २. इथं जरा हिशोब करा. पावर प्रेसवर हातानं ब्लँक (पत्र्याचा तुकडा) ठेवणारा माणूस मिनिटाला १० स्ट्रोक मारत असेल अन् शिफ्टमध्ये ७ तास खरं काम होत असेल तर हात ४,२०० वेळा डायमध्ये जातो. समजा तो इतका तरबेज आहे की लाखात एकदाच त्याचं लक्ष चुकतं. तरी लाख स्ट्रोक २४ शिफ्टमध्ये होतात. म्हणजे महिन्यातून एकदा चूक, एका प्रेसवर. शॉपमध्ये असे सहा प्रेस असले तर आठवड्याला एकाहून जास्त होते. प्रत्येक चुकीत बोट जात नाही, पण 'शक्यता २' कुठून आली ते मला कुणी सांगावं.

गुण देताना गार्ड ड्रॉइंगमध्ये आहे म्हणून धरायचा नाही, आज मशीनवर बसवलेला आहे का ते धरायचं.

प्रेस: इथं वेळ घाला

आपल्याकडं वाळूजला ऑटोच्या पार्टचं काम, त्यामुळं बोटं जातात ती जास्त करून प्रेसवर, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. दोन हातांची बटणं किंवा लाईट कर्टन (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावलं की सुटलो असं मालकांना वाटतं, पण ते किती अंतरावर लावलंय हेच कुणी मोजत नाही. बटण सोडल्यापासून रॅम (वर-खाली होणारा भाग) पूर्ण थांबेपर्यंत किती वेळ लागतो तो मोजायचा, त्याचं मीटर मिळतं, लाईट कर्टन विकणाऱ्याकडं असतं, बसवताना त्याच्याकडून रिडिंग करूनच घ्या अन् लेखी घ्या. मग साधा हिशोब: माणसाचा हात सेकंदाला १६०० मिलिमीटर जातो असं आयएसओ १३८५५ या आंतरराष्ट्रीय मानकात धरलंय. दोन हातांच्या बटणांसाठी १६०० गुणिले थांबायचा वेळ सेकंदात, अधिक २५०. प्रेस ०.२ सेकंदात थांबत असेल तर ३२० + २५० = ५७० मिलिमीटर, बटणं डायपासून निदान इतकी लांब पाहिजेत. ब्रेक लायनिंग झिजून वेळ ०.३ झाला की तेच अंतर ७३०. म्हणजे बसवताना बरोबर असलेलं बटण नंतर चुकीच्या जागी असू शकतं, कुणी हात न लावता. म्हणून थांबायचा वेळ ठराविक काळानं पुन्हा मोजा अन् प्रेसवरच स्टिकर लावा, तारीख, वेळ मिलीसेकंदात, सही.

पण हे सगळं फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे मधेच थांबवता येणाऱ्या प्रेसचं झालं. जुने पिन क्लचचे मेकॅनिकल प्रेस, जे छोट्या युनिटमध्ये अजून ढिगानं आहेत, ते एकदा सुटले की पूर्ण फेरी मारल्याशिवाय थांबतच नाहीत. त्याला लाईट कर्टन लावणं म्हणजे आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. तिथं मोजायच्या गोष्टी वेगळ्या. एक, फिक्स गार्डची फट, ६ मिमीच्या आत पाहिजे, बोट शिरायला नको. दोन, महिन्यात किती वेळा प्रेसनं पेडल न दाबता किंवा एकदा दाबल्यावर दुसरा स्ट्रोक घेतला. ही नोंद ऑपरेटरनं खडूनं मशीनवर रेघ मारून ठेवली तरी चालेल, पण रेघ दिसली की त्याच दिवशी क्लचची पिन, स्प्रिंग अन् ब्रेक उघडून बघायचा, तोपर्यंत मशीन बंद. हातानं ब्लँक ठेवायचं कामच काढून टाकता आलं, सरकती ट्रे किंवा चिमटा-मॅग्नेट देऊन, तर वरचं निम्मं मोजायची गरजच राहत नाही.

आवाज

कारखाना नियमांत मर्यादा ९० डेसिबलला ८ तास अशी आहे, पुढं ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, १०५ ला १ तास, आणि ११५ च्या वर एक मिनिटही नाही. पाच डेसिबल वाढले की वेळ निम्मा. अमेरिकेची कामगारांच्या आरोग्याची निओश ही संस्था ८५ ला ८ तास धरते अन् ३ डेसिबलला वेळ निम्मा करते, म्हणजे त्यांचा हिशोब बराच कडक. माझं मत, कायद्यासाठी ९० बघा पण कामाला ८५ पासून लागा, कारण गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

मीटर 'ए' वेटिंग (कानाला ऐकू येतं तसं मोजणारं सेटिंग) अन् 'स्लो' वर, माणसाच्या कानाजवळ, तो जिथं उभा राहतो तिथं. एकच माणूस दोन ठिकाणी काम करत असेल तर तुकडे जोडायचे: ९५ मध्ये ४ तास (परवानगी ४, म्हणजे १), ९० मध्ये ४ तास (परवानगी ८, म्हणजे अर्धा), बेरीज दीड. एकच्या वर गेलं की मर्यादा ओलांडली. आता बारा तासांची शिफ्ट धरा जी आपल्याकडं सर्रास चालते, नुसत्या ९० मध्ये १२ तास म्हणजे पण दीड. मीटर ९० दाखवतंय म्हणून 'लिमिटमध्ये आहे' असं लिहिलेले रिपोर्ट भरपूर बघायला मिळतात, शिफ्ट किती तासांची ते त्यात कुठंच नसतं.

मीटर नसेल तर मोबाईलचं ॲप चालेल का? कुठं मीटर लावायचं ते शोधायला चालेल, सही करायच्या रिपोर्टला नाही. त्याहून सोपी चाचणी, हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर ८५ च्या आसपास किंवा वर आहे असं समजा. अजून एक, ९० ची दोन मशीन शेजारी असली की एकूण १८० नाही, ९३ होतात, म्हणून एक बंद करून फार फरक पडत नाही, सगळ्यात मोठा आवाज कुठला ते शोधावं लागतं. बऱ्याच शॉपमध्ये तो मशीनचा निघतच नाही, हवा मारायच्या पाईपचा निघतो. नोझल बदललं की काम होतं.

धूळ

इथं सगळ्यात मोठा गोंधळ म्हणजे प्रदूषण मंडळासाठी केलेला चिमणीचा अन् गेटवरच्या हवेचा रिपोर्ट दाखवून "आमची धूळ मोजलेली आहे" म्हणणं. तो शेजाऱ्यांच्या नाकासाठी आहे, तुमच्या माणसाच्या नाही. माणसासाठी कमरेला छोटा पंप अन् कॉलरला फिल्टर लावून पूर्ण शिफ्ट सॅम्पल घ्यावा लागतो, ते लॅबकडूनच करून घ्या. फक्त तुम्ही हे सांगा की फुफ्फुसात खोल जाणारी बारीक धूळ वेगळी पाहिजे अन् त्यात सिलिका (क्वार्ट्झ, वाळूतला घटक) किती टक्के तेही पाहिजे. फाउंड्री, स्टोन क्रशर, शॉट ब्लास्टिंग असेल तर हे टाळूच नका. जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या दुसऱ्या शेड्यूलमधलं सूत्र सोपं आहे, १० भागिले (क्वार्ट्झचे टक्के + २), उत्तर मिलिग्रॅम प्रति घनमीटर. क्वार्ट्झ २० टक्के निघालं तर मर्यादा ०.४५. डोळ्याला ती धूळ दिसतही नाही. बघायची असली तर रात्री शॉपचे दिवे घालवून मशीन चालू ठेवून (माणूस लांब उभा करून) पॉवरफुल टॉर्च आडवी मारा अन् समोरून तिरकं बघा, धूळ कुठून उठून कुणाच्या तोंडाकडं जायलीय ते सगळं दिसतं. आकडा नाही मिळत यातनं, पण सक्शनचा हूड कुठं लावायचा ते कळतं.

परभणी, मानवत, सेलूकडच्या जिनिंगवाल्यांनी पंपासोबत एक प्रश्न पण विचारावा: सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते का, अन् आठवडा सरता सरता कमी होते का? कापसाच्या धुळीच्या आजाराची, बिसिनोसिसची, ही सुरुवातीची खूण आहे.

टाकी, खड्डा, ईटीपी

साखर कारखाने, डिस्टिलरी, ईटीपीचे (सांडपाणी शुद्ध करायचे) खड्डे. इथं गुण-बिण द्यायचे नाहीत, मोजल्याशिवाय उतरायचंच नाही. क्रम असा, आधी ऑक्सिजन, मग पेटणारा वायू, मग विषारी. ऑक्सिजन आधी का, तर पेटणारा वायू मोजणारे बरेचसे सेन्सर ऑक्सिजन कमी असला की आकडाच चुकीचा देतात. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नको (बाहेरच्या हवेत २०.९ असतो), पेटणारा वायू खालच्या स्फोटमर्यादेच्या (पेट घ्यायला लागणाऱ्या कमीत कमी प्रमाणाच्या) १० टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाईड १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) आत, कार्बन मोनॉक्साईड ५० च्या आत. वर, मध्ये, तळाला, तिन्ही ठिकाणी, बाहेर उभं राहून नळी सोडून मोजा, आणि माणूस आत असेपर्यंत मीटर चालूच. सडक्या अंड्याचा वास आला तर कळेल यावर भरवसा ठेवू नका, हायड्रोजन सल्फाईड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकाला वास येणंच बंद होतं. पहिला पडला म्हणून दुसरा उडी मारतो, मग तिसरा, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण. म्हणून ट्रायपॉड अन् दोर आधी लावलेला आहे का, हा पण मोजमापाचाच एक रकाना आहे, हो किंवा नाही.

उन्हाळा

मराठवाड्यात बाहेरच ४२-४३ असताना जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किती असेल ते साधा थर्मामीटर सांगत नाही, कारण घाम वाळतोय का अन् भट्टीची धग किती लागतीय हे त्यात येत नाही. त्यासाठी डब्ल्यूबीजीटी, म्हणजे घाम अन् धग दोन्ही धरून काढलेलं तापमान. शेडच्या आत ०.७ गुणिले ओल्या वातीचं तापमान, अधिक ०.३ गुणिले काळ्या गोळ्याचं. ओली वात २७ अन् गोळा ४६ असेल तर १८.९ + १३.८ = ३२.७. सवय झालेल्या माणसाला मध्यम कष्टाचं सलग काम करायला २८ पर्यंत ठीक धरतात, म्हणजे ३२.७ ला मधे मधे थांबणं, पाणी, सावलीची जागा हे उपकार नाहीत, हिशोब आहे. आणि लग्नसराईत गावाकडं जाऊन आलेल्या माणसाची किंवा नव्या भरतीची सवय मोडलेली असते हे विसरू नका. नव्या माणसाला पहिल्या दिवशी २० टक्केच वेळ भट्टीपाशी, मग रोज २०-२० टक्के वाढवा. जुना माणूस परत आला असेल तर जरा लवकर वाढवता येतं, पण पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट नको. वजन पण लिहा, शिफ्टच्या आधी अन् नंतर, काट्यावर उभं करून. किलो-दीड किलो उतरलं तर पाणी पुरत नाही.

वजन उचलणं

थोडक्यात सांगतो. निओशच्या हिशोबात अगदी आदर्श स्थितीतही २३ किलो, आणि वजन शरीरापासून ५० सेंटीमीटर लांब धरलं की ते निम्मं, साडेअकरा. लातूरच्या डाळमिलमध्ये हमाल ५० किलोचा कट्टा पाठीवर घेतो. यात मोजायला काही उरलेलं नाही, कन्व्हेयर किंवा लहान कट्टा, एवढंच.

रेकॉर्ड कोणतं ठेवायचं

फ्रिक्वेन्सी रेट सगळे मागतात: काम बुडालेले अपघात गुणिले दहा लाख, भागिले माणूस-तास. आयएस ३७८६ या भारतीय मानकात ही पद्धत आहे, तिथंच मृत्यू म्हणजे ६००० दिवस बुडाले असं सिव्हेरिटीसाठी (अपघात किती गंभीर ते काढायला) धरलंय. पण ६० माणसांच्या युनिटमध्ये वर्षाचे तास होतात ६० × ८ × ३०० = १,४४,०००. दोन अपघात झाले तर रेट १३.९, तिसरा झाला की २०.८, आणि नाही झाला तर मागच्या वर्षीपेक्षा 'सुधारणा'. एवढ्या छोट्या आकड्यात नशीबच जास्त बोलतं. वरून 'इतके दिवस झिरो ॲक्सिडेंट' चा बोर्ड अन् त्यावर बक्षीस ठेवलं की बोट कापलेला माणूस मागच्या गेटनं खाजगी डॉक्टरकडं जातो अन् रजा 'घरगुती कारणासाठी' लागते. बोर्डवरचा आकडा मग वाढतच राहतो.

त्यापेक्षा हे मोजा: फर्स्ट एड बॉक्समधल्या पट्ट्या महिन्याला किती संपल्या अन् कोणत्या सेक्शनला, थोडक्यात वाचलेले प्रसंग किती नोंदले गेले (हा आकडा सुरुवातीला वाढला पाहिजे, कमी झाला तर लोकं सांगायचं थांबलेत), अन् अचानक फेरीत दहापैकी किती मशीनला गार्ड जागेवर सापडला. अमेरिकेतल्या विमा कंपनीतल्या हाईनरिखनं १९३१ मध्ये एका मोठ्या अपघातामागं २९ किरकोळ अन् ३०० काहीच न लागलेले असा हिशोब मांडला होता, ते नेमके आकडे तुमच्या शॉपला लागू होतीलच असं नाही, पण त्या ३०० ची नोंद कुणी ठेवत नाही हे मात्र जिथं तिथं खरं आहे.

यातून जी यादी निघेल तिची क्रमवारी लावताना आधी गंभीरता ५ चं पान, मग बाकीचं. उपाय लिहिताना हेल्मेट, हातमोजे, इअर प्लग हे शेवटच्या रकान्यात ठेवा, आधी काम काढून टाकता येतं का, बदलता येतं का, झाकता येतं का. ड्रिलवर तर हातमोजा उलट हात ओढून नेतो.

मीटर भाड्यानं आणलं तर कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची तारीख बघा, गॅस मीटर असेल तर वापरायच्या दिवशी बंप टेस्ट (थोडा ठरलेला वायू सोडून मीटर दाखवतं का ते बघणं) करून घ्या. शंका असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं ऑफिस संभाजीनगरलाच आहे, नोटीस आल्यावर जाण्यापेक्षा आधी जाऊन विचारलेलं बरं असतं. नवीन मशीन आलं, जुनं दुसऱ्या जागी हलवलं, शिफ्ट ८ ची १२ झाली, ठेकेदार बदलला किंवा कुणाला लागलं, यातलं काहीही झालं की तेवढ्या कामाचं मोजमाप पुन्हा, वर्ष संपायची वाट न बघता, आणि जुना आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा लिहायचा, तारखेसकट.